जीवनसत्त्व-पूरके व पुरुषांची केसवाढ

केस लवकर आणि दाट वाढावेत म्हणून गोळ्या, कॅप्सूल, भुकटी किंवा चघळायच्या गमीच्या रूपात घेतली जाणारी जीवनसत्त्वे व खनिजे. त्यांत बायोटिन (जीवनसत्त्व ब७), अ, ड व ई ही जीवनसत्त्वे आणि लोह, जस्त, सेलेनियम ही खनिजे प्रामुख्याने आढळतात. शरीरात यांपैकी एखाद्या घटकाची कमतरता असल्यास ती भरून निघाल्यावर खुंटलेली केसवाढ पूर्ववत होऊ शकते. कमतरता नसलेल्या पुरुषाच्या केसवाढीचा वेग पूरकांमुळे वाढतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही. काही घटकांच्या अतिरेकाने तर केस गळतात.

केसवाढीचा वेग : माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील केशपुटक नावाच्या सूक्ष्म पिशवीत तयार होतो. केसाचा बाहेर दिसणारा भाग मृत केराटिनाचा असतो. वाढ होते ती मुळाशी. डोक्यावरचा केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. वाढीचा टप्पा २ ते ६ वर्षे चालतो, त्यानंतर २-३ आठवड्यांचा संक्रमणकाळ आणि सुमारे तीन महिन्यांची विश्रांती येते. मग जुना केस गळतो व त्या जागी नवा उगवतो. कोणत्याही वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या टप्प्यात असतात आणि रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते.

हा वेग मुख्यतः आनुवंशिकता, वय व संप्रेरके ठरवतात. जीवनसत्त्वे ही केशमुळाला लागणारी सामग्री आहे. वाफसा असलेल्या शेताला आणखी पाणी दिल्याने पीक लवकर येत नाही, मुळे मात्र कुजतात. जीवनसत्त्वांच्या जादा मात्रेचेही तसेच आहे.

पुरुषांमधील केसगळतीची कारणे : पुरुषांचे केस विरळ होण्याचे सर्वांत मोठे कारण पुरुषी टक्कल हे आहे. पन्नाशीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांमध्ये ते कमीअधिक प्रमाणात दिसते. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून एका विकराच्या क्रियेने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होते. आनुवंशिकतेने संवेदनशील असलेली कपाळावरची व टाळूवरची केशपुटके त्याच्या प्रभावाने आक्रसत जातात आणि केस बारीक व आखूड उगवू लागतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये टकलाचा पुरुष-संप्रेरकाशी असलेला संबंध दाखवून दिला. त्यांच्या वर्गीकरणात ओटार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये केलेली सुधारणा आजही वापरात आहे. या प्रक्रियेचे मूळ जीवनसत्त्वांच्या अभावात नसल्याने जीवनसत्त्वांनी ती थांबत नाही.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे शरीराला बसलेला ताण. टायफॉइड, डेंग्यू, कोविड यांसारखे तापाचे आजार, मोठी शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने वजन उतरवणारा आहार यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात. मूळ कारण दूर झालेले असल्यास ही गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते. नेमक्या याच काळात गोळ्या सुरू केल्या जातात आणि निसर्गाने घडवलेल्या सुधारणेचे श्रेय त्यांना मिळते. पूरकांवरील विश्वास टिकून राहण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

बायोटिन : केसांसाठी सर्वाधिक खपणारे पूरक. प्रौढाची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम असून एका शिजवलेल्या अंड्यातून साधारण १० मायक्रोग्रॅम मिळते. शेंगदाण्यातही ते असते. केसांसाठीच्या गोळ्यांत मात्र अनेकदा ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असते. बायोटिनाच्या खऱ्या कमतरतेत केस गळतात व त्वचेवर चट्टे उठतात. पण अशी कमतरता विरळ आहे. काही जन्मजात विकारांत, तसेच दीर्घकाळ कच्ची अंडी खाणाऱ्यांत ती आढळते, कारण कच्च्या पांढऱ्या बलकातील अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिनाला बांधून ठेवते. केस व नखांसाठी बायोटिन दिल्याने सुधारणा झालेल्या १८ रुग्णांच्या नोंदींचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्रत्येक रुग्णात सुधारणा होण्याजोगा मूळ विकार होता. निरोगी माणसाला लाभ झाल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही.

बायोटिन थेट विषारी नाही. धोका आहे तो रक्ततपासणीतील गफलतीचा. अनेक चाचण्यांच्या रचनेतच बायोटिन वापरलेले असते. रक्तातील जादा बायोटिनामुळे थायरॉइडचे कार्य वाढल्याचे अहवालात चुकीने दिसू शकते, तर हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणाऱ्या ट्रोपोनिनचे प्रमाण खोटे कमी दिसू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला. अशा चुकीच्या अहवालाशी निगडित एका मृत्यूचीही त्यात दखल होती.

अतिरेकाचे धोके : अ जीवनसत्त्व मेदात विरघळते व यकृतात साठते. प्रौढांसाठी तयार अ जीवनसत्त्वाची वरची मर्यादा रोज ३,००० मायक्रोग्रॅम आहे. ती दीर्घकाळ ओलांडल्यास यकृताला इजा होते, त्वचा कोरडी पडते आणि केस गळतात.

ई जीवनसत्त्वाचा धोका पुरुषांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ३५ हजारांहून अधिक पुरुषांचा सहभाग असलेल्या ‘सिलेक्ट’ या चाचणीत रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळले. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ड जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना अपाय होतो. जस्त रोज ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेत राहिल्यास तांब्याची कमतरता होऊ शकते.

सेलेनियमच्या बाबतीत गरज आणि धोका यांतील अंतर फारच कमी आहे. रोजची गरज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम, तर मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रवरूप पूरकात चुकून लेबलवरील प्रमाणाच्या सुमारे २०० पट सेलेनियम मिसळले गेले आणि २०१ जणांना बाधा झाली. केसगळती हे त्यातील प्रमुख लक्षणांपैकी एक होते. महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव व परिसरातल्या गावांत डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात अडीचशेहून अधिक लोकांचे केस अचानक गळले; काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडले. सुरुवातीला पाण्यावर व बुरशीवर संशय घेतला गेला. डॉ. हिंमतराव बावसकर यांनी स्वतः तपास करून रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. तेथे सेलेनियम गोळीतून नव्हे, अन्नातून गेल्याचे त्यांचे म्हणणे होते. पण केसांना ‘पोषक’ म्हणून विकला जाणारा घटकही जास्त झाला की केसच हिरावून घेतो, हे त्यातून दिसते.

पूरकांचा योग्य वापर : लोह, ड किंवा ब१२ जीवनसत्त्व कमी असल्याचे तपासणीत आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक मात्रा व मुदतीत पूरके घेणे योग्य ठरते. शाकाहारी व्यक्तींत ब१२ कमी असणे सर्रास दिसते. पुरुषाच्या शरीरात लोह कमी आढळले, तर गोळी देऊन थांबता येत नाही. मूळव्याध, जठरव्रण किंवा आतड्याचा कर्करोग यांतून रक्तस्राव होत नाही ना, हे पाहावे लागते. रक्ततपासणीपूर्वी बायोटिन घेत असल्याचे डॉक्टरांना व प्रयोगशाळेला सांगणे आवश्यक आहे. एकाच वेळी दोन-तीन उत्पादने घेतली, की त्यांतील समान घटकांची बेरीज नकळत मर्यादा ओलांडते.

पुरुषी टकलावर पुराव्याने सिद्ध झालेले उपचार वेगळे आहेत. मूळचे रक्तदाबाचे औषध असलेले मिनॉक्सिडिल अमेरिकेत १९८८ मध्ये डोक्याला लावण्यासाठी मान्य झाले, तर फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये. दोन्हींचे दुष्परिणाम असू शकतात, म्हणून ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. त्यांचा परिणाम दिसायलाही काही महिने लागतात. गोल चकत्यांनी केस जाण्याचा विकार, म्हणजे चाई, तसेच खवडे यांचे उपचार आणखी निराळे आहेत.

कायदा : भारताच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील ‘अनुसूची जे’मध्ये टक्कल आणि नवीन केस उगवणे यांचा समावेश आहे. या यादीतील व्याधी बरी करण्याचा दावा औषधाला करता येत नाही. ऐन विशी-तिशीत केस विरळ होऊ लागलेल्या तरुणाची काळजी खरी असते. जाहिरातीतल्या घाईच्या आश्वासनापेक्षा केस का गळत आहेत याचे वेळेवर झालेले निदान त्याच्या अधिक उपयोगाचे आहे, कारण आक्रसलेली केशपुटके पूर्ण निकामी होण्याआधीच उपचारांना वाव असतो.