सलाईनची बाटली

अचलपूर-परतवाड्यात कुणाला ताप आला की घरचे डॉक्टरांना आधी एकच गळ घालतात, "साहेब, एक बाटली लावून द्या." नुसत्या गोळ्या मिळाल्या तर माझी दादी म्हणायची, इलाज केलाच नाही. रमजानमध्ये बाटलीने रोजा तुटतो का, यावर आमच्या मोहल्ल्यात तासभर वाद चाले. बाटलीची गरज आहे का, हे मात्र कुणी विचारत नसे.

अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये पाणी आणि ४.५ ग्रॅम मीठ असते, चमचाभरही नाही. तिची एवढी पत वाढली ती पटकीमुळे. १८३१ साली इंग्लंडात पटकी पसरली, तेव्हा ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासून दाखवले की त्यातले पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात. पुढच्या वर्षी स्कॉटलंडात थॉमस लाटा यांनी एका मरणासन्न म्हातारीच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. ती शुद्धीवर आली, बोलू लागली. लाटा निघून गेल्यावर जुलाब पुन्हा सुरू झाले आणि ती वारली. मग कित्येक वर्षे ही कल्पना मागेच पडली. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि त्याने हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारले!) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यातच लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून क्षारजल देऊन पटकीचे मृत्यू खूप कमी केले.

१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी आली आणि बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून लोकांना पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. त्यांनी त्याला नाव दिले 'ओरल सलाईन', कारण सलाईन म्हटल्यावरच लोकांचा विश्वास बसे. माझ्या दादीचा स्वभाव त्यांनी बरोबर ओळखला होता!

आमच्या शेजारच्या चिखलदरा तालुक्यात, पाचडोंगरी आणि कोयलारीत जुलै २०२२ मध्ये उघड्या विहिरीच्या पाण्याने पटकी पसरली, माणसे दगावली. जो पाणीही पिऊ शकत नाही, त्याला बाटलीच वाचवते. पण साध्या तापात, खातापिता माणूस पलंगावर झोपवून बाटली लावायची आणि तिच्यातून एखादे भारी अँटिबायोटिकही सोडायचे, हा रिवाज वेगळाच. विषाणूच्या तापावर ते औषध काहीच करत नाही. उलट पोटातल्या जिवाणूंना मात्र त्याची सवय होते. फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच पेनिसिलिनच्या अपुऱ्या मात्रेबद्दल बजावले होते. आपल्याकडे अनेक अँटिबायोटिक औषधांच्या विक्रीची नोंद ठेवण्याचा एच-१ नियम मार्च २०१४ पासून लागू झाला. मला तरी अजून औषधाच्या दुकानात कुणी चिठ्ठी मागितलेली नाही.

गेल्या वर्षी अब्बांना लघवीचा संसर्ग झाला. थंडी वाजून ताप, भान हरपलेले. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी आणि रक्त कल्चरला पाठवले, मग औषध सुरू केले. मी बाटलीबद्दल विचारले तर म्हणाल्या, "तोंडाने घेऊ लागले की शिरेतले बंद करू. सुई जितके दिवस शिरेत, तितका नव्या संसर्गाचा धोका."

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. औषधांच्या यादीत बहुतेक नावांपुढे 'आर' लिहिलेले, म्हणजे जिवाणू दाद देत नाही. अब्बा एव्हाना उठून चहा पीत होते, गोळ्या सहज गिळू शकले असते. पण चालेल अशी एकही गोळी त्या यादीत नव्हती. मेरोपेनेम तेवढे उरले, आणि ते शिरेतूनच द्यावे लागते. अब्बांना सात दिवस दर आठ तासांनी बाटली लागली.