संरक्षणखर्च आणि सागरी सुरक्षा : मुंबईचा अनुभव (१९९३ ते २००९)

संरक्षणावरील खर्च वाढला की राष्ट्राची सुरक्षितताही वाढते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मुंबईचा इतिहास या गृहीतकास छेद देतो. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यासाठीचे आरडीएक्स रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आले होते. सागरी मार्गाचा धोका तेव्हाच स्पष्ट झाला होता. पुढे २००८-०९ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाची तरतूद प्रथमच १ लाख कोटी रुपयांपलीकडे गेली. परंतु त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला १० दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आले व रबरी होडीतून मुंबईत उतरले. या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी केवळ लाठीनिशी कसाबला रोखून प्राणार्पण केले. राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंना मात्र दिल्लीकडून यावे लागले.

याचा अर्थ सैन्यखर्च निरर्थक आहे, असा नव्हे. १९९९ च्या कारगिल युद्धाने त्याची आवश्यकता सिद्ध केली आहे. तथापि रणगाडे व युद्धनौका शत्रुराष्ट्राच्या सैन्यास रोखतात; होडीतून येणाऱ्या टोळीस रोखण्यासाठी सागरी पोलीस, मच्छीमार आणि गुप्तवार्ता यंत्रणा यांच्यातील समन्वय लागतो. २००९ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र स्थापन झाले आणि सागरी सुरक्षेची एकत्रित जबाबदारी नौदलाकडे आली. म्हणूनच संरक्षणाचे मूल्यमापन खर्चाच्या आकड्यावरून नव्हे, तर धोक्याच्या स्वरूपावरून होणे इष्ट ठरते.