लोकांचे लाडके पहेलवान

श्री मारोती देवस्थानाच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत देवळाचा इतिहास इतर लेखांतून येईलच. प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आखाड्याचा विषय आला. नागपूर भागात देऊळ आणि आखाडा ही दोन निराळी स्थळे कधी नव्हतीच. शहरातील महाल-इतवारीचे जुने आखाडे घ्या की खेड्यातला पडवीमागचा चौकोनी खड्डा घ्या, मातीत तेल, हळद, ताक जिरवायचे, उदबत्ती लावायची, मारोतीला हात जोडायचे आणि मगच मांडी ठोकायची, ही रीत सर्वत्र एकच. तेव्हा मारोतीच्या स्मरणिकेत पहेलवानांविषयी चार शब्द आले तर ते वावगे होणार नाही.

मात्र येथे थोर डावबाजांची यादी द्यावयाची नाही. आमच्या मनात फार दिवसांपासून एक प्रश्न घोळतो आहे. आमदंगलीत ज्याला सर्वांत अधिक डाव येतात त्याच्यावरच लोकांचे सर्वांत अधिक प्रेम बसते काय? आमच्या मते, नाही.

पोळ्याच्या किंवा नागपंचमीच्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी आठवून पाहावे. ढाक, कलाजंग, एकलंगी, धोबीपछाड, पोकळ घिस्सा अशी सारी विद्या पोटात असलेला मल्ल झटकन समोरच्याला चीत करतो, तेव्हा टाळ्या पडतात, नारळ मिळतो, फेटा मिळतो. परंतु दुप्पट वजनाच्या जोडीदाराखाली अर्धा तास दबून राहूनही ज्याने पाठ मातीला लागू दिली नाही, त्याला लोक खांद्यावर घेतात. पंच बरोबरी जाहीर करतात आणि इनामाच्या नोटा मात्र त्याच्या फेट्यात खोचल्या जातात. जाणकार वस्ताद बाजूला उभे राहून मान हलवतात. त्यांचेही खरे असते.

ही आवड आजची नव्हे. महाभारतात भीम आणि दुर्योधन दोघेही बलरामाचे शिष्य. गदायुद्धाच्या वेळी श्रीकृष्ण अर्जुनाला स्वच्छ सांगतो की बळ भीमाचे अधिक, पण अभ्यास आणि कौशल्य दुर्योधनाचे अधिक. म्हणजे विद्येत सरस दुर्योधन होता. शेवटी भीमाने मांडीवर प्रहार केला, तो नियमाविरुद्ध होता आणि त्यामुळे खुद्द गुरू बलराम संतापले. जरासंधाच्या वेळीही तेच. फाडलेले दोन भाग पुन्हा जुळतात म्हटल्यावर काय करावे हे भीमाला उमगेना, तेव्हा कृष्णाने काडी उभी चिरून दोन तुकडे उलटसुलट टाकून दाखविले, असे आपल्या कीर्तनकारांनी वर्षानुवर्षे सांगितले आहे. इतके असूनही गावोगावच्या तालमीत मारोतीखालोखाल नाव भीमाचे. दुर्योधनाच्या नावाची तालीम आम्ही तरी ऐकलेली नाही.

उलट बाजूचा दाखला गामा पहेलवानाच्या चरित्रात मिळतो. १९१० साली लंडनमध्ये त्याची कुस्ती पोलंडच्या झिबिस्कोशी लागली. झिबिस्को मोठा अनुभवी मल्ल. गामाचा झपाटा पाहून त्याने सुरुवातीलाच चटईवर ओणवे होऊन अंग आवळून घेतले आणि अडीच तासांहून अधिक वेळ तो तसाच चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. शास्त्र पाहिले तर बचाव उत्तम होता, त्याला कोणी चीत करू शकले नाही. परंतु पाहणाऱ्यांची मने त्याच्यावरून उडाली ती उडालीच, आणि आठ दिवसांनी ठरलेल्या दुसऱ्या कुस्तीला तो आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळ्यात हीच जोडी पुन्हा लागली, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत अस्मान दाखविले. आता वाचक म्हणतील, आमचा तो दबलेला गडी आणि झिबिस्को यांत फरक काय? फरक इतकाच की आमच्या गड्यावर मोठा जोडीदार येऊन बसला होता, झिबिस्को आपण होऊन बसला.

आता ज्यांच्यामुळे हा लेख सुचला त्यांच्याकडे येऊ. दारासिंग यांचे नाव न ऐकलेला माणूस आपल्या गावात सापडणार नाही. अंगापिंडाने दांडगट पोराला आजही कोणी सहज म्हणून जातो, मोठा आला दारासिंग! जन्म १९२८ चा, अमृतसर जिल्ह्यातील धरमूचक गावचा. तरुणपणी पोटासाठी सिंगापुरास गेले, कारखान्यात राबले, तेथेच हरनामसिंग यांच्या हाताखाली कुस्ती शिकले. सहा फूट दोन इंच उंची, वजन शंभर किलोंच्या कितीतरी वर. १९५४ साली रुस्तुम-ए-हिंद झाले. १९५९ साली कलकत्त्यास कॅनडाच्या जॉर्ज गोर्डिएन्कोला हरवून राष्ट्रकुल विजेते झाले. १९६८ साली मुंबईत अमेरिकेच्या लू थेझवर विजय मिळविला आणि जगज्जेते म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. थेझ त्या वेळी बावन्न वर्षांचा होता, हे वस्ताद मंडळी हटकून सांगतात.

परंतु लोकांच्या तोंडी राहिली ती किंगकाँगबरोबरची त्यांची जोडी. किंगकाँग म्हणजे मूळचा हंगेरीचा एमिल झाया, सुमारे दोनशे किलोंचा, दाढीवाला, अक्राळविक्राळ. त्याला दारासिंगांनी डोक्यावर उचलून गरगरा फिरविले, ही गोष्ट ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली त्यांच्याहून न पाहिलेल्यांनीच अधिक रंगवून सांगितली आहे.

या फ्रीस्टाईल कुस्तीवर तालमीतली जुनी मंडळी नाक मुरडीत. हा तमाशा आहे, ही नुरा कुस्ती आहे, तिकिटे खपविण्यासाठी हारजीत आधी ठरलेली असते, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य होते. या धंदेवाईक प्रकारात जगभर निकाल ठरवूनच कुस्त्या होत आल्या आहेत. धंदेवाईक मल्लांना त्या काळी ऑलिंपिकचे दार बंद होते, त्यामुळे दारासिंगांची विद्या त्या तराजूत कधी तोललीच गेली नाही. शुद्ध डावपेचांत आपल्याकडचे दोनचार मल्ल त्यांच्यापेक्षा सरस होते असे म्हणणारे जाणकार महाराष्ट्रात पुष्कळ होते, आणि त्यांना खोटे पाडण्याचा आमचा मुळीच इरादा नाही.

आम्ही विचारतो ते निराळे. दसऱ्याला नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर रावण जळणार हे कोणाला ठाऊक नसते? तरी लेकरे खांद्यावर घेऊन माणसे लोटतातच ना? झाडीपट्टीच्या दंडारीत शेवट काय होणार हे पोरासोरांनाही पाठ असते, म्हणून कोणी मध्यरात्री उठून घरी जात नाही. दारासिंगांची कुस्ती लोकांनी याच डोळ्यांनी पाहिली. समोरचा नियम मोडतो, केस ओढतो, बुक्क्या मारतो, आणि हा मात्र सोसतो, सोसतो आणि मग एकदाच उठतो. त्या उठण्यावर लोकांचा जीव होता. हात उचलण्याची ताकद असून आवरून धरणारा माणूस आपल्याला फार लवकर ओळखू येतो, कारण आपण रोज ज्याच्यासमोर दिवा लावतो तोही तसाच. इंद्रजिताने ब्रह्मास्त्र टाकले तेव्हा मारोतीराय बांधून घेऊन गप्प उभे राहिले होते.

म्हणूनच १९७६ साली बजरंगबली या चित्रपटात ते हनुमान झाले तेव्हा कोणाला नवल वाटले नाही. पुढे १९८७-८८ साली दूरदर्शनवर रामायण लागले. रविवारी सकाळी गावात असलेल्या एकदोन संचांपुढे सारी आळी जमे, कोणी संचाला हारही घाली. दारासिंग तेव्हा साठीला टेकले होते, १९८३ सालीच कुस्तीतून निवृत्त झालेले. चालणे जड झाले होते, बोलण्यात पंजाबी वळण होते. प्रेक्षकांना त्याचे काहीच वाटले नाही. २००३ साली ते राज्यसभेवर नामनियुक्त झाले आणि २०१२ साली वारले.

येथपर्यंत सर्व गोड आहे. पण या लोभाची एक किंमत असते, आणि ती डावबाजाला मोजावी लागते.

महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ साली औरंगाबादेपासून सुरू झाली. १९८१ साली ती आपल्या नागपुरात झाली आणि बापू लोखंडे विजयी झाले. आपल्या जिल्ह्यातल्या किती जणांना हे नाव आज आठवते? श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य पदक आणले. कोल्हापूर-सांगलीकडे त्यांचा मोठा मान, पण आपल्या भागात ही नावे सांगितली तर पोरे तोंडाकडे पाहतात.

आणि खाशाबा जाधव? सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी. उंची बेताची, वजन सत्तावन किलोंच्या गटातले. त्याच्याकडे दारासिंगांची छाती नव्हती की किंगकाँगला उचलण्याचे बळ नव्हते. होती ती चपळाई आणि डावांची जाण. १९४८ साली लंडनला सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तेथे खाशाबाने कॅनडा, मेक्सिकोचे मल्ल हरविले. जपानच्या इशीईबरोबर दमछाक करणारी कुस्ती हरल्यावर लगेच त्याला रशियाच्या ममेदबेकोवसमोर उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो सांगायला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. तरीही त्याने कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले.

पुढे खाशाबा पोलीस खात्यात लागले आणि १९८४ साली मोटारसायकलवरून जाताना अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म पुरस्कार हयातीत लाभला नाही. त्यांच्या हयातीत त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही, रविवारी सकाळी कोणी हार घातला नाही.

गावाने मात्र घातला होता. हेलसिंकीहून परतल्यावर कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पायी थोड्या वेळात कापायची ती वाट, त्या दिवशी संपता संपेना. मिरवणूक आटोपल्यावर खाशाबांनी कोल्हापूरकडे कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः लंगोट कसून लढले, आणि त्यातून आलेल्या पैशाने प्राचार्य खर्डेकरांचे घर गहाणातून सोडवून दिले.