बंदरापासून वेरूळपर्यंत

वेरूळविषयी लिहिताना आपण बहुधा डोंगरापासून सुरुवात करतो. खडक कोणता, लेणी कोणी कोरली, कैलास वरून खाली कसा घडवला, ही चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे आणि ती व्हायलाच हवी. मला मात्र वेगळा प्रश्न बरीच वर्षे सतावतो आहे. समुद्रावरून आलेला माणूस इथवर पोहोचत कसा होता? बंदरावर उतरल्यावर त्याला वाट कोण दाखवी, नदी कोण उतरवून देई, रात्री जेवायला कुठे मिळे? या प्रश्नाच्या मागे लागलो की वेरूळ आडबाजूचे राहत नाही. ते एका जुन्या, वर्दळीच्या मार्गावर उभे असलेले दिसते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथापासून सुरुवात करू. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, असे अंतर हा ग्रंथ देतो. या दोन्ही पेठांतला माल गाड्यांवर लादून, अवघड मुलखातून भडोचच्या बंदराला जाई. पैठणहून उत्तरेला निघालेली वाट वेरूळचा परिसर आणि पितळखोरे यांच्या बाजूने खानदेशात उतरते. म्हणजे वेरूळला पहिली छिन्नी लागण्याच्या कितीतरी आधीपासून हा टापू बंदराच्या वाटेवर होता.

दुसरी वाट कोकणातून वर येणारी. सोपारा, कल्याण, मग नाणेघाट, जुन्नर आणि पैठण. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. तो जकातीचा रांजण, असे परंपरा सांगते. याच ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणविषयी एक मार्मिक नोंद आहे. पूर्वी हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे सत्ता बदलल्यावर त्यावर निर्बंध आले आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. बंदरात पाऊल ठेवणे आणि देशात शिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधली किल्ली नेहमी कोणाच्या तरी हाती असते, हे दोन हजार वर्षांपूर्वीच स्पष्ट झाले होते.

आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी कैलास जोडला जातो. त्यानंतर दीडशे वर्षांच्या आसपास, हिजरी ३०४ मध्ये, अल मसूदी हा बगदादचा प्रवासी व इतिहासकार सैमूर म्हणजे आपल्या चौल बंदरात आला. तिथे दहा हजारांच्या घरात मुसलमान वस्ती असल्याचे तो लिहितो. त्याच्याच ग्रंथात ‘अलाद्रा’ नावाच्या थोर देवस्थानाचा उल्लेख येतो. दूरदूरच्या मुलखांतून यात्रेकरू तिथे येतात, असे तो सांगतो. अभ्यासक हे स्थान वेरूळच मानतात. वेरूळची कीर्ती त्या वेळी अरबी बोलणाऱ्या जगापर्यंत पोहोचली होती, आणि ती बंदराच्या वाटेने पोहोचली होती.

या वाटेवरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा पुरावा वेरूळला नाही, तो पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावी सापडला. शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा हा ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या राजवटीतला. संजाण बंदराभोवतीचा प्रदेश राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती नावाचा ‘ताजिक’, म्हणजे अरब, अधिकारी सांभाळत होता, असे त्यात नोंदले आहे. त्याची नेमणूक दुसऱ्या कृष्णाने केलेली. मधुमती हे ‘मुहम्मद’चे संस्कृत रूप, असा अभ्यासकांचा निर्वाळा आहे. त्याच्या कारभारात दोन प्रवाहांवर विनामूल्य तर चालू झाली, तसेच एक सत्र सुरू झाले आणि तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे, असे ताम्रपट सांगतो. याच पटाने एका देवीच्या मठिकेला दानही दिले आहे.

या दोन ओळींवर मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. राजांची विशेषणे, युद्धे, वंशावळी या गोष्टी प्रत्येक ताम्रपटात असतात. तर आणि तूपभात हे तांब्यावर कोरण्याजोगे पुण्यकर्म मानले गेले, हे विशेष. जहाजातून उतरलेला माणूस पहिल्या खाडीशीच अडतो. हातात त्या देशाचे नाणे नसते, भाषा येत नसते, पोटात भूक असते. बंदर चालवायचे तर पहिल्या दोन मजलांची जबाबदारी घ्यावी लागते, हे त्या अरब अधिकाऱ्याला आणि त्याच्या राष्ट्रकूट धन्याला उमगले होते.

पुढे बंदरे बदलली. सतराव्या शतकात सुरत हे मोगलांचे मुख्य बंदर होते आणि दौलताबाद-औरंगाबादेची वाट नवापूरमार्गे तिथूनच निघे. फ्रेंच प्रवासी झां द तेवनो १६६६ मध्ये सुरतेला उतरला. तिथल्या जकात चौकीवर प्रवाशांची झडती किती कसून होई, हे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच प्रवासात त्याने वेरूळ पाहिले. युरोपीय माणसाने केलेले वेरूळचे हे सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक. परतीच्या वाटेवर १६६७ मध्येच तो इराणात वारला आणि त्याचा हिंदुस्थानविषयीचा भाग १६८४ मध्ये छापला गेला.

अठराव्या शतकाच्या शेवटी वेरूळच उलट्या दिशेने बंदराकडे निघाले. पुण्याच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट १७९४ मध्ये लेणी पाहून आला. त्याच्याशी संबंधित चित्रकार जेम्स वेल्स आणि पुण्याचे गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट यांनी लेण्यांची चित्रे काढली. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या चित्रांवरून थॉमस डॅनिएलने केलेला संग्रह १८०३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ज्या इंग्रजाने मुंबई बंदर पाहिले नव्हते, त्याने कैलासाचे चित्र पाहिले होते.

त्या चित्रांमागून माणसे आली. कॅप्टन जॉन सीली १८१० मध्ये मुंबईहून वेरूळला गेला आणि १८२४ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. पुस्तकाच्या लांबलचक नावातच सगळी वाट आहे. जाताना पुणे, अहमदनगर, टोके आणि येताना दौलताबाद, औरंगाबाद. त्याच नावात लेणी ‘ग्रॅनाइट’च्या डोंगरात असल्याचे म्हटले आहे, जो आपल्याला ठाऊक असलेला काळा बेसाल्ट आहे! भोर घाटातला गाडीरस्ता १८३० चा, म्हणजे सीलीच्या नंतरचा. त्या काळी मुंबईहून निघालेला माणूस मचव्याने पनवेलला उतरे, घाट पायी, तट्टावर किंवा पालखीत चढे आणि टोक्याजवळ गोदावरी ओलांडी. ओझे वाहणारे हमाल, भोई, नावाडी यांची नावे अशा पुस्तकांत सहसा येत नाहीत. वाट त्यांच्याच खांद्यावर होती.

आगगाडीने मजला कमी केल्या, अदलाबदल मात्र राहिली. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग इगतपुरीला पोहोचला. पुढे नांदगाव हे वेरूळचे स्टेशन ठरले आणि तिथून टांग्याने किंवा बैलगाडीने यावे लागे. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातली मीटरगेज गाडी औरंगाबादेत आली. तरी मनमाडला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसणे आले, आणि ते विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालले. बंदर आणि लेणी यांतले अंतर मैलांत मोजण्यापेक्षा अशा हस्तांतरांत मोजावे, असे मला वाटते. जिथे प्रवासी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो, तिथेच त्याचा खोळंबा होतो, तिथेच त्याला लुबाडले जाते किंवा जेवू घातले जाते.

आज मुंबईच्या बॅलार्ड पिअरला सहलीची मोठी जहाजे लागतात. प्रवासी सकाळी उतरतो आणि बहुधा रात्रीपर्यंत त्याला परतायचे असते. तेवढ्या वेळात गेटवेहून लाँचने तासाभरात घारापुरी गाठता येते. घारापुरीच्या मुख्य लेण्याची मांडणी वेरूळच्या एकोणतिसाव्या, म्हणजे धुमार लेण्याच्या मांडणीशी अगदी जवळची आहे. एका अर्थी तो प्रवासी वेरूळच्या बंदरावरच्या बहिणीला भेटून परततो, पण हे नाते त्याला कोणी सांगत नाही. वेरूळ तिथून साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. वेरूळच्या टापूतून जाणाऱ्या या रस्त्याने बंदर जवळ आणले, यात शंका नाही.

पण रस्ता म्हणजे वाट नव्हे. द्रुतगती मार्गावरून उतरल्यावरचे शेवटचे काही किलोमीटर, मंगळवारी लेणी बंद असतात ही साधी माहिती, भाड्याचा ठरलेला दर, स्वच्छ पाणी, मराठी-हिंदी न येणाऱ्याला कळेल असे दोन शब्द, यांनी वाट होते. यात गावाचाही स्वार्थ आहे. प्रवासी धावत आला आणि धावत गेला, तर खुलताबाद-वेरूळच्या दुकानदाराला, टपरीवाल्याला, वाटाड्याला त्याच्यापासून धुरळ्याखेरीज काही मिळत नाही. तो रात्रभर राहिला, तर गाव जगते.

बंदरे भडोच, कल्याण, चौल, संजाण, सुरत, मुंबई अशी बदलत गेली. काही गाळाने भरली, काही राजकारणाने मागे पडली. डोंगर जागचा हलला नाही, प्रत्येक पिढीने त्याच्याकडे येणारी वाट नव्याने बांधली. कोणत्या पिढीने किती रुंद रस्ता केला, हे पुढच्या अभ्यासकाला सहज मोजता येईल. खाडीशी अडलेल्या परक्या माणसाची आम्ही काय सोय केली, याची नोंद आमच्या कागदांत सापडेल का, हे मात्र आपल्या हाती आहे. चिंचणीच्या ताम्रपटाने ती अकराशे वर्षे जपून ठेवली.