दारूमुक्तीची बैठक कशी शोधावी?

मद्यपींनी परस्परांच्या आधाराने दारूपासून दूर राहावे, यासाठी बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' (एए) ही चळवळ सुरू केली. भारतात ती १९५७ पासून आहे. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट, शुल्क नाही.

सदस्यांची ओळख गुप्त राहत असल्याने बैठकांचा गाजावाजा होत नाही. त्यामुळे वसमतसारख्या तालुक्याच्या गावी चौकशी करावी लागते. सरकारी रुग्णालय, मानसोपचारतज्ज्ञ किंवा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारावे. गावात बैठक नसल्यास हिंगोली, परभणी, नांदेड येथे शोध घ्यावा. इंटरनेटवरूनही बैठका होतात.

'खुल्या' बैठकीस कुटुंबीयांनाही जाता येते. 'बंद' बैठक केवळ दारूची समस्या असणाऱ्यांसाठी असते. कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' हे स्वतंत्र गट आहेत.

मात्र बैठक म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवल्यास झटके वा भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. अशांनी दारू थांबवण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.