तळटीप ३ : यूजनेटवरील न्यूजग्रुप

३. न्यूजग्रुप : यूजनेट या जाळ्यावरचे विषयवार चर्चागट. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९ मध्ये ही कल्पना मांडली. १९८० मध्ये जाळे सर्वांसमोर आले. त्याला मध्यवर्ती संगणक नाही. लेख आधी लिहिणाऱ्याच्या सर्व्हरवर जातो, तिथून जोडलेल्या सर्व्हरांवर आणि असा पुढे पसरतो. प्रत्येक लेखाला स्वतंत्र ओळखखूण असते. तोच लेख दुसऱ्या वाटेने पुन्हा आला, तर सर्व्हर तो घेत नाही. गटाचे नाव व्यापकाकडून नेमक्याकडे जाते, उदा. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’. लिनस टोरवाल्ड्सने आपल्या लिनक्स या संगणक-प्रणालीची पहिली वार्ता २५ ऑगस्ट १९९१ रोजी ‘कॉम्प.ओएस.मिनिक्स’ या गटावरच दिली होती.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्समधून यूजनेटवर नवे लेख पाठवता येत नाहीत, तरी जाळे चालू आहे. सुरुवात करणाऱ्याने थंडरबर्डसारखा न्यूजरीडर (हे लेख वाचण्या-लिहिण्याचा प्रोग्रॅम) घ्यावा, एखाद्या न्यूज सर्व्हरवर खाते उघडावे, गटांची यादी उतरवून एक-दोनच गट निवडावेत. लिहिण्याआधी काही दिवस नुसते वाचावे. गटाची नेहमीच्या प्रश्नोत्तरांची टिपणे असल्यास ती आधी पाहावीत. उत्तर देताना मूळ लेखातील गरजेपुरत्याच ओळी ठेवून त्यांखाली आपले म्हणणे लिहावे. पाठवलेला लेख अनेक सर्व्हरांवर पोहोचतो आणि मागे घेणे जवळपास अशक्य असते, म्हणून खासगी तपशील त्यात कधीही देऊ नयेत. — संपा.