विस्मृतीच्या कसोटीवरील प्रेम : ‘गोधि बण्ण साधारण मैकट्टु’

बसवनगुडी (बंगळूरु) : हरवलेल्या व्यक्तीविषयीच्या जाहिरातीत ‘गव्हाळ वर्ण, साधारण बांधा’ हा मजकूर ठरलेला असतो. याच अर्थाचे शीर्षक असलेला ‘गोधि बण्ण साधारण मैकट्टु’ हा कन्नड चित्रपट ३ जून २०१६ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक हेमंत एम. राव यांचा हा पहिलाच चित्रपट. संगीत चरण राज यांचे आहे.

व्यंकोबराव या अल्झायमरग्रस्त निवृत्त गृहस्थाची भूमिका अनंत नाग यांनी साकारली आहे. मुंबईत नोकरी करणारा मुलगा शिव (रक्षित शेट्टी) बंगळूरुला येतो आणि त्याच्याच निष्काळजीपणामुळे वडील हरवतात. शुश्रूषा केंद्रातील डॉक्टर सहाना (श्रुती हरिहरन) हिच्यासोबत त्यांचा शोध घेताना, आपण वडिलांना कधी ओळखलेच नव्हते, हे शिवला उमगते. शिव आणि सहाना यांच्यातील जवळीकही याच शोधातून फुलते. व्यंकोबरावांना वर्तमानाचे भान राहिलेले नाही; मात्र दिवंगत पत्नी पुष्पावरील प्रेम त्यांच्या मनात ताजे आहे.

या आजारात साधारणतः नजीकच्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या अधिक काळ टिकतात. चित्रपटातील प्रेमकथेला हाच आधार आहे. ‘मूंद्रम पिरै’ (१९८२) व त्याची हिंदी आवृत्ती ‘सदमा’ (१९८३) यांत अपघाताने गेलेली स्मृती उपचारांनी परत येते. अल्झायमरमध्ये तशी आशा नसते. त्यामुळे येथे प्रेमाची कसोटी स्मृती परतण्याची वाट पाहण्यात नसून, ती परतणार नाही हे स्वीकारून सोबत राहण्यात आहे.

अनंत नाग यांचे मराठीशी जुने नाते आहे. चित्रपटांत येण्यापूर्वी त्यांनी मुंबईत कन्नड आणि कोकणीबरोबरच मराठी रंगभूमीवरही काम केले. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाला. या चित्रपटावरून २०१८ मध्ये राधा मोहन यांनी ‘६० वयदु मानिरम’ हा तमिळ चित्रपट केला. त्यात वडिलांची भूमिका प्रकाश राज यांची होती.

मराठीत सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ने हाच विषय हाताळला. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली, तर अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अविनाश अरुण यांच्या ‘थ्री ऑफ अस’ या हिंदी चित्रपटातील नायिका स्मृती पुरती हरपण्याआधी कोकणातील बालपणीच्या मित्राला भेटायला जाते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार, देशातील ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख नागरिकांना स्मृतिभ्रंश आहे. मुले परगावी आणि आईवडील मूळ घरी, अशी स्थिती असलेल्या कुटुंबांना व्यंकोबरावांची कथा अनोळखी वाटणार नाही. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन उपलब्ध आहे.